दंडावरून घसरणारा पट्टा

गास गावच्या फर्डिनंड तुस्कानोंची मुलगी रोझलिन प्राथमिक शाळेत शिकवायची. १९७९ साली, सव्विसाव्या वर्षी, ती रायफल क्लबात जाऊ लागली तेव्हा गावाला वाटलं, हौस आहे, चार दिवसांत फिटेल. हौस काही फिटली नाही. तिचा जीव मेटाकुटीला आणला तो रायफलीच्या पट्ट्याने.

क्लब म्हणजे गोखिवऱ्याच्या डोंगराखालची बंद पडलेली दगडखाण आणि तीन जुन्या रायफली. शिकवायला निवृत्त हवालदार शत्रुघ्न घरत. रविवारची चर्चमधली मिस्सा आटोपली की रोझलिन सायकल काढायची, रेल्वेचं फाटक ओलांडून खाणीत पोचायची आणि सतरंजीवर पालथी पडून नेम धरायची.

पट्टा बंदूक खांद्याला अडकवण्यापुरताच, असं पुष्कळांना वाटतं. नेमबाज त्याचा एक फास डाव्या दंडावर, अगदी वर चढवतो. दुसरं टोक नळीखालच्या कडीत. नीट ताणला की रायफलीचं वजन पट्टा पेलतो, हात मोकळा राहतो. क्लबचे पट्टे निवारीचे, खाटेला विणतात तसल्या जाड सुती पट्टीचे, आणि धिप्पाड दंडांच्या मापाचे. दमट हवेत ते सैलावत, बक्कल सरकत. सहाव्या गोळीपर्यंत रोझलिनचा फास कोपरावर आलेला असे, आणि पुढच्या चार गोळ्या खाली जात.

"हवालदारसाहेब, पट्टा घसरतोय."

"पट्ट्याला काय झालंय? बाईमाणसाचा हात, थरथरणारच."

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. वर्गात ती चाळीस पोरांना एका नजरेत गप्प करायची. इथे मात्र तिचं खरं बोलणं कुणी ऐकून घेईना.

तिने बाजारातला नायलॉनचा पट्टा आणला. तो तर ब्लाउजच्या बाहीवरून साबणासारखा निसटला. निवार धुऊन, खळ घालून पाहिली. घामाने पुन्हा मऊ. शेवटी ती टांग्याच्या घोड्यांचे साज शिवणाऱ्या जयरामकडे गेली. रायफल क्लबाबाहेर नेता येत नव्हती, म्हणून कड्यांची मापं कागदावर उतरवून नेली.

जयरामने हौसेने सुंदर पट्टा शिवला आणि तेलात मुरवला. दोन रविवारांत तो बोटभर लांबला. रोझलिन तणतणत परत गेली.

"बाई, मऊ तर तुम्हीच मागितलात," जयराम म्हणाला.

"मऊ हवा, जयरामभाऊ, पण ताणला की वाढायला नको. आणि एकदा चढवला की तिथेच राहायला हवा."

मग त्याने घोड्याच्या पोटाखालून आवळायच्या तंगाचं जुनं, पुरतं ताणून झालेलं कातडं काढलं. सव्वा इंच रुंद. आतली बाजू खरबरीत ठेवली, भोकं जवळजवळ पाडली, फास घट्ट धरायला चामड्याचं कडं घातलं. तेल नावालाच. त्या रविवारी दहाच्या दहा गोळ्या रुपयाएवढ्या जागेत बसल्या. शंभरात चौऱ्याण्णव. हवालदारांनी निशाणाचा कागद उलटसुलट करून पाहिला.

ठाण्याला जिल्ह्याची स्पर्धा होती. रोझलिन सतरंजीवर पडणार, इतक्यात हवालदारांनी तिचा पट्टा सोडवला आणि निवारीचा लावला. "क्लबच्या हत्याराला बाहेरचं काही लावायचं नाही."

"नियम कुठे आहे तसा?"

"मी सांगतोय ना!"

रांग खोळंबली होती. ती पडली, दात आवळून. सातव्या गोळीला फास उतरला. सत्त्याऐंशी गुण, निवड झाली एकोणनव्वदपर्यंत.

घरी ती दोन दिवस धड जेवली नाही. फर्डिनंड म्हणाले, "बाय, पुढच्या साली बघू." तिला तेच शब्द टोचले. पुढच्या साली का? काय चुकलं होतं तिचं? तिने स्पर्धेच्या नियमांचं पुस्तक मिळवलं. पट्टा दीड इंचापर्यंत रुंद चालतो, ज्याचा त्याने आणावा, असं तिथे स्पष्ट छापलेलं. हवालदारांनी पुस्तक हातातही घेतलं नाही.

दुसऱ्या वर्षी तिने त्यांना विचारलंच नाही. पट्टा आणि पुस्तक घेऊन ती थेट पंचांच्या टेबलाशी गेली. पंचांनी मोजपट्टी लावली, मान हलवली. "चालेल." अर्धं मिनिटही लागलं नसेल.

शहाण्णव गुण पडले आणि ती जिल्ह्यात पहिली आली. राज्य स्पर्धेत अकरावी. गावात पेढे वाटले गेले, चर्चच्या अंगणात फादरनी कौतुक केलं. रोझलिन हसली, पण आतून धुमसतच होती. अर्ध्या मिनिटाच्या कामासाठी तिचं अख्खं वर्ष गेलं होतं, आणि त्याबद्दल कुणी 'चुकलं' एवढंही म्हटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आचोळ्याहून हंसा नावाची नवी मुलगी क्लबात आली. हवालदारांनी तिच्याकडे रायफल सरकवली. रोझलिन मध्ये जाऊन बसली. "आधी दंडाचं माप," म्हणत तिने शिवणाची टेप काढली. हवालदार चहाचा कप धरून बघत राहिले. या खेपेला त्यांनी अडवलं नाही.