बंद करायचं बटण

मंगळवेढ्याची आमची आत्या नवी वस्तू घेताना ती चालू होते का हे बघायचीच नाही, बंद कशी होते ते बघायची. मिक्सर घेताना तिनं तो दुकानात इतक्यांदा बंद केला की शेवटी दुकानदारानंच प्लग काढून ठेवला. घराला नवा नळ बसवला तेव्हाही पाणी आल्याचं कौतुक आम्हाला, हिचं लक्ष शेवटच्या थेंबाकडे. "चालू काय, कुणीबी करतंय," ती म्हणायची. "येळंवर थांबलं पायजे की."

ती एकटी राहायची. काचबिंदूनं एक डोळा गेला होता आणि दुसराही जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मला भडभडून आलं. आत्यानं मात्र परतीच्या वाटेतच विचारलं, "गाण्याचं यंत्र केवढ्याला असतंय गं? दिसतंय तवर शिकून घेते." बारक्या पोरीला खेळणं हवं असावं तसा तिचा चेहरा झाला होता.

असल्या वस्तूंची मला भारी हौस. तिला सोलापुरात सात रस्त्यावरच्या एका दुकानात नेलं. दुकानदारानं दोन प्लेअर काढले. एक सपाट, चकचकीत, नुसतं काचेवर बोट फिरवायचं. दुसरा साबणाच्या वडीएवढा जाडजूड, वर चार बटणं. माझं मन पहिल्यावर जडलं होतं. दुकानदारही म्हणाला, "डोळे झाकून घ्या, मावशी!"

आत्यानं लगेच डोळे झाकले आणि हात पुढे केला. "आणा हिकडं."

गाणं लागलं. तिचं बोट काचेवर भिरभिरलं. आवाज वाढला, दुसरं गाणं लागलं, मग तिसरं. काही केल्या बंद होईना. दुकानातले लोक वळून बघायला लागले. "हे माझं ऐकत न्हाय," म्हणत तिनं तो परत दिला. मग जाडजूड प्लेअर घेतला, तर त्याची चारही बटणं सारखीच. तिचं बोट पुन्हा पुन्हा चुकत राहिलं आणि मी वैतागले. "अगं आत्या, राहिलं चालू तर काय बिघडतंय?"

"डोळं गेल्यावर दार मला कानानंच दिसणार की," ती डोळे न उघडता म्हणाली. "गाणं चालूच ऱ्हायलं तर कोण आलं, कोण गेलं, कसं कळायचं? तू आलीस तरी कळायचं न्हाय."

दुकानदारानं मुकाट्यानं जाडा प्लेअर उचलला, स्वतः डोळे मिटले आणि बटणं चाचपू लागला. मग मीही मिटले. तेवढ्यात आलेल्या एका गिऱ्हाइकानं काउंटरशी डोळे मिटून उभ्या असलेल्या आम्हा तिघांना बघितलं आणि घाबरत विचारलं, "काय झालं हो?"

तोच प्लेअर घेतला. घरी आल्यावर आत्यानं बंद करायच्या बटणावर ज्वारीचा एक दाणा चिकटवला आणि वरून बोट फिरवून म्हणाली, "आता बरूबर ऐकतंय."

पुढे तिची नजर पुरती गेली. मी चपला कोपऱ्यावरच काढून चोरपावलांनी जायची. घराजवळ पोचले की गाणं अर्ध्या शब्दावर तुटायचं. "ये की गं. दबकत काय येतीस? बांगड्या वाजत्यात." पुढच्या वेळी बांगड्या पर्समध्ये टाकल्या. गाणं तुटलंच. "आज बांगड्या काढल्यास व्हय?" मग दोघी हसत सुटायचो. तिला हे कसं कळायचं याचं कोडं मला शेवटपर्यंत सुटलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात गेले तेव्हा जमीन इतकी तापली होती की चपला काढवेनात. तशीच फटफट वाजवत निघाले. गाणं बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. दाराशी पोचले तरी ते तुटलं नाही. मी पाय आपटला. बांगड्या वाजवल्या. गाणं संपलं आणि पुढचं सुरू झालं.

आत्या खाटेवर कुशीवर निजली होती. प्लेअर छातीशी, बोट दाण्यावर. त्या बोटाचा गारवा अजून माझ्या हाताला आठवतो. मी ते हळूच बाजूला केलं, डोळे मिटून दाणा चाचपला आणि गाणं बंद केलं.

"आत्या," मी म्हटलं, "मी आलेय गं."