हात लावा, चपला काढा

बंदरावरून घरी आलं की कितीही हात धुवा, कोपराशी कुठेतरी एक खवला चिकटलेला सापडतोच. आमच्या संग्रहालयातल्या किश्शांचं तसंच आहे. मी घरी सुपारी सोलायला बसते आणि मध्येच हसू फुटतं. नवऱ्याला आता सवय झालीये. "आज कोण आलं होतं?" एवढंच विचारतो.

संग्रहालय म्हणजे फार काही डोळ्यांपुढे आणू नका. मुरुडच्या बाजूला एक छोटं बंदर, तिथल्या मच्छीमार सोसायटीचा जुना बर्फखाना. त्यात खेकड्यांची टाकी, शिंपले, जाळी आणि मधोमध एक जुनी होडी. शाळेतून रिटायर झाल्यावर हा उद्योग मी हौसेने मागे लावून घेतला. जोडीला हिराबाई. ती सकाळी मासळी विकते आणि दुपारी माझ्याबरोबर संग्रहालय सांभाळते.

जागा दिली सोसायटीच्या चेअरमनने, जनार्दनने. अट एकच, जाळी ठेवायला लागली की खोली खाली करायची. होडी जेट्टीमागे कुजत पडली होती. "न्या बाई, नायतर सरपणातच जायची," म्हणाला. स्वतः मात्र कधी आत आला नाही. रोज समुद्रात जाणाऱ्याने समुद्र खोलीत काय बघायचा, असं त्याचं म्हणणं.

* * *

आमच्याकडे जागोजागी बोर्ड आहेत, 'हात लावा'. पहिल्याच आठवड्यात पुण्याचं एक जोडपं आलं. गृहस्थांनी बोर्ड नीट वाचला, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि तसेच सगळीकडे फिरले. म्हटलं, अहो, लावा की हात. तर म्हणाले, नको, उगाच काहीतरी तुटायचं.

बायको शांतपणे म्हणाली, "घरी पण असंच. मी सांगून दमले, कशाला हात लावतील तर शपथ!"

* * *

खेकड्यांच्या टाकीपाशी हिराबाई उभी असते. खेकडा कसा धरायचा, नर कुठला, मादी कुठली, हे तिने सांगायचं असं ठरलं होतं. पण जन्म गेला मासळी विकण्यात! खेकडा उचलून उलटा केला की तिचं तोंड आपोआप सुरू होतं. कसा भरलेला हाय बघा, याचा रस्सा करा, वाटणात खोबरं जरा जास्त भाजा.

एका शाळेच्या सहलीतल्या सगळ्या मॅडम वहीत रस्सा लिहून घेऊन गेल्या. एकीने तर पिशवीच पुढे केली. मी म्हटलं, अहो, हे संग्रहालय आहे, इथलं काही विकत नाही. मला वाटलं, हिराबाईला वरमल्यासारखं होईल.

ती मॅडमच्या कानाशी लागून म्हणाली, "हे नाय. भायेर माझी सून बसलीय, तिच्याकडं जा."

* * *

जाळ्याचा प्रकार तर विचारूच नका. मुलांनी जाळं सांधून बघावं म्हणून मी एक फाटकं जाळं भिंतीला टांगलं आणि शेजारी सुई-दोरा ठेवला. दुसऱ्या दिवशी बघते तर जाळं अखंड! मी कात्रीने पुन्हा फाडलं. संध्याकाळपर्यंत पुन्हा सांधलेलं.

मग कळलं. बंदरावरची माणसं पाणी प्यायला म्हणून आत डोकवायची. समोर फाटकं जाळं, शेजारी सुई, आणि आपण नुसतं उभं राहायचं? ते त्यांना जमेचना. आता मी रोज सकाळी दार लावून घेते आणि चोरासारखं जाळं फाडते. कुणी बघितलं तर बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणतील.

* * *

होडीपाशी हिराबाईचा कायदा चालतो. चपला काढल्याशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही. एक पाहुणे भले मोठे ट्रेकिंगचे बूट घालून आले होते. लेस सोडायचा कंटाळा. म्हणाले, ही आता पाण्यात कुठे जाणार आहे?

"आजोबा वारले म्हणून त्यांच्या फोटोवर पाय देता काय?" हिराबाईने विचारलं.

बूट निघाले. मोजेसुद्धा.

* * *

मे संपला, मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढल्या. आणि एका दुपारी जनार्दन दोन माणसं आणि मोजायची टेप घेऊन दारात उभा! जाळी ठेवायला जागा हवी म्हणाला, माझ्याकडे न बघता. होडीचं काय, विचारलं, तर म्हणे लाकूड बरं हाय, नेईल कुणीतरी. मला खरंच रडू येत होतं. हिराबाई तर पदर तोंडाला लावून टाकीकडे तोंड करून उभी राहिली.

होडीत त्या वेळी दिवेआगरला सुट्टीला आलेली पोरं होती. जाळं ओढायचा खेळ चालला होता. ओढतात कसली, सगळी एकाच बाजूला लोंबकळत होती. माणसं टेप घेऊन आत शिरली. जनार्दन उंबऱ्यावरच थांबला. पोरांकडे बघत त्याने एकदा घसा खाकरला. मग पुन्हा खाकरला.

"आरं, समदी एका अंगाला काय? होडी उलटंल ना!"

पोरं घाबरली आणि सगळीच्या सगळी दुसऱ्या बाजूला सरकली. जनार्दनने कपाळावर हात मारला. मग चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, होडीत चढला आणि पोरांची बखोटी धरून निम्मी इकडे, निम्मी तिकडे बसवायला लागला.

टेपवाल्याला खोलीच्या मधोमध होडी आडवी येत होती. त्याने होडीच्या काठावर पाय ठेवला आणि विचारलं, "चेअरमन, माप होडी धरून घेऊ का सोडून?"

जनार्दनने जाळ्यावरची नजर काढली नाही.

"पाय खाली घे," म्हणाला. "चपला काढ आधी."