राबाखालचं घर

खून, दरोडे, लाकूडचोरी, सगळे तपास केले. पण ती एक घटना आठवली की आजही मला माझाच राग येतो.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. मी शहापूर तालुक्यात फौजदार होतो. वैशाखात डोळखांबकडच्या एका पाड्याहून पोलीस पाटलाची वर्दी आली की, एक वेडसर बाई रोज येऊन एका शेतकऱ्याचा राब उकरते. राब म्हणजे भाताचं रोप टाकायला पालापाचोळा नि शेण पसरून भाजलेली जमीन. तिची नासधूस म्हणजे वर्षाच्या पिकावर पाणी. जमादाराला पाठवून मी बाईला ठाण्यात आणवली.

चाळिशीची विधवा, नखं फुटलेली, लुगडं मातीने माखलेलं. मी तापट माणूस. आवाज चढवला, "दुसऱ्याच्या जमिनीत काय उकरतेस गं?"

"माजं घर हाय तिथं, साहेब."

"घर? तिथे नुसती राख आहे!"

"राखंखाली हाय."

जमादार हसला. खोटं कशाला सांगू, मीही हसलो. तक्रारदार शेतकरी तिचा सख्खा दीर होता, तोही ठाण्यात आला होता. तो ठणकावून म्हणाला, "तिथं कदी घर नवतंच. भाऊ मेल्याव ही गेली कुटंतरी, आता आली भांडाया." सोबत आलेले पाड्यावरचे दोघे मात्र खाली मान घालून उभे. मी विचारलं तरी तोंड उघडेनात. तिथे मला पहिल्यांदा शंका आली.

दिराला बाहेर बसवून मी बाईला चहा दिला आणि नीट जबाब घेतला. कापणी झाल्यावर ती भिवंडीकडे गवत बांधायच्या कामाला गेली होती. चार महिन्यांनी परतली तर झोपडं जागेवर नाही. माहेरी गेली, तर भावाने "दीर हाय ना तुजा, त्याला सांग" म्हणून उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. तेव्हापासून किन्हवलीच्या एसटी थांब्यावर राहत होती. रिकामटेकडे पुरुष त्रास द्यायचे म्हणून रात्रभर भिंतीला टेकून बसायची. राब उकरायला गेली की दीर दगड मारून हाकलायचा.

"पण उकरून मिळणार काय?" मी विचारलं.

"उखल. त्यानं मेढी उपटल्या, कुडाच्या भिती मोडल्या, कौलं नेली. पन भात कांडायचं उखल जमिनीत पुरलेलं. त्यो धोंडा एकल्याच्यानं निगल काय? आनि साहेब, राबात उखल कोन पुरल?"

जन्मात भात कांडलेला नाही, मला हे सुचणार कुठून!

दुसऱ्या दिवशी पंच घेऊन पाड्यावर गेलो. बाई राबात शिरली, इकडेतिकडे पाहिलं आणि एका जागी पाय रोवून उभी राहिली. "ही माजी पडवी. आता चार पावलं आत." कुदळ घातली. वीतभर खाली दगड लागला. माती काढली तर अख्खं उखळ, तळाशी भाताचा कोंडा. बाई तिथेच बसली आणि ते दोन्ही हातांनी पुसत ढसाढसा रडली.

दिराच्या गोठ्यात तिच्या झोपडीच्या मेढी, म्हणजे लाकडी खांब, सापडल्या. पंचनामा होत असतानाच त्याने कबुली दिली, "बाय एकली. परत येल असं वाटलंच नाय."

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. पुरुष कामाला परगावी गेला तर त्याचं घर बंद आहे म्हणतात. एकटी बाई गेली तर तेच घर रिकामं समजतात. बेवारस बाई समोर आली की पुढे नोकरीभर मी आधी एकच विचारलं, तुझं घर कुणी नेलं?

गुन्हा नोंदवला, दिराच्याच हातांनी मेढी पुन्हा उभ्या करवल्या. निघताना बाई म्हणाली, "म्होरल्या साली कामाला जाईन, तवा कोन बगल?"

"मी आहे ना."

"तुमची बदली झाल्याव?"

बदली दीड वर्षातच झाली. नवा फौजदार चार्ज घ्यायला आला, तेव्हा त्याला ठाण्यात बसूच दिलं नाही. जीपमध्ये घालून थेट पाड्यावर नेला, तिच्या दारासमोर उभा केला आणि म्हटलं, "हे घर. बाई कामावर गेलीय, परत येणार आहे."