दाढेचं दुसरं मूळ

बीडच्या एका दातांच्या डॉक्टरनं मला फसवलं. माजलगावात मोसंबीच्या हातगाडीपासून फळांच्या अडतीपर्यंत मी घासाघीस करतच आलो. त्यामुळं खालच्या दाढेचं रूट कॅनल ठरवतानाही मी निम्म्या पैशांवर अडून बसलो.

"बरं काका, तुमच्या मनासारखं," तो हसत म्हणाला. आमच्या धंद्यात भाव पाडून घेतला तरी पेटी भरूनच द्यावी लागते. तिथंही तसंच असणार, असं मी धरून चाललो.

थोड्याच दिवसांत जबडा सुजला. एका सकाळी तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना, श्वास घेताना घशात शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. बायकोनं चमच्यानं पाणी पाजायला बघितलं, ते सगळं हनुवटीवरून खाली आलं.

"अवो, असं काहून बघताय माझ्याकडं?" ती म्हणाली. मी मरतोय असं मला वाटत होतं, आणि ते तिला सांगायला आवाज फुटत नव्हता.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी जबड्याचा फोटो काढला. "दाढेला दोन मुळं आहेत, साफ एकच केलंय. पू गळ्याकडं उतरलाय," त्या म्हणाल्या. हनुवटीखाली चीर देऊन त्यांनी पू काढला, तेव्हा कुठं श्वास मोकळा झाला.

अजूनही आवंढा गिळताना मी दचकतो. निम्म्या पैशात काम अर्धंच होणार होतं, तर खुर्चीत बसवण्याआधी त्यानं ते का सांगितलं नाही? माझ्यासमोर उभं राहून त्यानं याचं उत्तर द्यावं.