दोन घरांमधली मोकळी जागा

नव्वदच्या दशकात नाशिक सगळ्या बाजूंनी वाढत होतं. सातपूरच्या कारखान्यात पाळीत काम करणारे आमचे शेजारी काकाही मुलाच्या लग्नाआधी एक खोली वाढवणार होते. त्यांनी जागा ठरवली होती ती दोन घरांच्या मध्ये, नियमाने मोकळ्या सोडलेल्या पट्ट्यात. कॉलनीत बहुतेकांनी तसंच केलं होतं, तेही सलग सुट्ट्या बघून, कारण तेव्हा पालिकेचं कुणी फिरकत नसे. मी कॉलेजात होतो आणि मोकळ्या जागा वाचवण्यासाठी पत्रकं वाटत होतो. मी सरळ सांगितलं, "काका, इथे बांधलंत तर मी तक्रार करीन."

"कर की," काका म्हणाले. "मग सून काय तुझ्या पत्रकावर झोपेल?"

"वर बांधा. वरच्या मजल्याला परवानगी मिळते."

काकांनी खरंच परवानगी काढून वर खोली चढवली. गिलाव्यासाठी बांबू मात्र आमच्या बाजूला रोवावे लागले. त्यांवर बांधलेल्या गोणपाटाने आमच्या स्वयंपाकघराची खिडकी झाकली गेली आणि आई भर दुपारी दिवा लावून पोळ्या लाटू लागली. "घे, खा तुझा नियम," ती मला म्हणायची. पण बांबू काढा, असं तिने काकांना एकदाही सांगितलं नाही.

लग्नाआधी बांबू निघाले. नवी सून एका सकाळी वरच्या खिडकीतून वाकून म्हणाली, "काकू, वास कसला येतोय? मलाही सांगा ना." आई फोडणी सांगू लागली. मधे मोकळी जागा होती, पण दोघींनाही ओरडावं लागत नव्हतं.