चौदा हजारांचा एडका

बिरूबानं आयुष्यात कुठलीच वस्तू सांगितल्या भावानं घेतली नाही. बिडकीनच्या शिवारात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि ज्याला ठाऊक नसेल त्याला बिरूबा स्वतः बसवून सांगायचा. बिऱ्हाड लादायचं घोडं त्यानं एकदा नुसत्या खोगिराच्या किमतीत आणलं होतं, वर खोगीरही घेऊन आला होता. मुलगा अजिनाथ वाळूजला कंपनीत लागला, बजाजनगरात खोली करून राहिला, तेव्हा मोबाइल घ्यायला बापलेक शहरातल्या एका काचेच्या दुकानात गेले. भाव डब्यावर छापलेला. बिरूबानं खांद्यावरची दस्ती काढली, काउंटरमागच्या माणसाच्या हातावर टाकली आणि खालून त्याची बोटं धरली. तो बिचारा असा दचकला की त्यानं ओरडून मालकालाच बोलावलं. अजिनाथ शरमेनं अर्धा झाला. पण निघताना मोबाइलवर कव्हर, काच आणि कानात घालायची वायर फुकट आली होती, हे तोही नाकारत नाही.

दस्ती म्हणजे काय, तर खांद्यावरचा साधा पांढरा टॉवेल. पण छावणीच्या गुरुवारच्या जनावरांच्या बाजारात या टॉवेलाचा मान मोठा. तिथं जुने लोक भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे राहतात, हातावर दस्ती पडते आणि खाली बोटं बोलतात. एक बोट दाबलं की एक, दोन दाबली की दोन, अख्खा पंजा धरला की पाच. आधी दहाचा आकडा, मग सुटे हजार. दोघांपैकी एकजण तोंडानं ‘हो’ म्हणाला की सौदा झाला, मग ब्रह्मदेव आला तरी मोडत नाही. हात उजवाच हवा. डावा पुढं करणं म्हणजे समोरच्याला हाड म्हणण्यासारखं.

आता बोटं मोजायला काय, कुणालाही येतात. बिरूबाची खरी करामत वेगळी होती. त्याला हातावरून माणूस कळायचा. बढाईखोराचा हात आखडलेला, लबाडाचा वळवळणारा आणि ज्याचं घरी काहीतरी अडलंय त्याचा ओला. ओला हात लागला की बिरूबा घासाघीस तिथंच सोडून वाजवी आकडा दाबायचा. “अडलेल्याचा भाव तोडणं म्हंजी सौदा नाय, चोरी हाय,” असं तो म्हणायचा. म्हणून तर लोक शेळी घ्यायची म्हटली तरी त्याला सोबत न्यायचे. तो त्याचे पैसे घेत नसे. चहा, पान आणि चारचौघांत ‘बिरूबा, मानलं तुम्हाला’ एवढं ऐकायला मिळालं की स्वारी खूश.

मागच्या थंडीत त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. घाटीच्या सरकारी दवाखान्यात राहून आला, पाय सुधारला, तोंड सरळ झालं. हातही हलू लागला. जेवता यायचं, काठी धरता यायची. पाहुणे येऊन म्हणाले, देवानं वाचवलं. फक्त एक गोष्ट बिरूबानं कुणालाच सांगितली नाही, बायकोलासुद्धा नाही. त्या हाताला काही कळत नव्हतं. मेंढीच्या पाठीवर हात ठेवला तर लोकर आहे की दगड, हे डोळ्यांनी बघावं लागत होतं. हे बाजारात कळलं तर आपल्याला कोण विचारणार, या धास्तीनं तो माणूस आतल्या आत कुढत होता. कुणी सौद्याला बोलवायला आलं की ‘गुडघा दुखतोय’ म्हणून टाळायचा. सगळ्यांना वाटे, म्हातारा आता सुखावला.

पण त्या वर्षी उन्हाळ्यात त्याचाच एडका मेला. बिडकीनच्या नव्या औद्योगिक वसाहतीत रस्ते झालेत, दिवे लागलेत, कंपन्या मात्र अजून यायच्यात. त्या रुंद सिमेंटच्या रस्त्यांच्या कडेला बिरूबाची वीसेक मेंढरं चरायची. कळपात एडका नाही म्हणजे पुढच्या साली कोकरं नाहीत. अजिनाथ फोनवर म्हणाला, “इकून टाका सगळं अन् या इकडं.” बिरूबानं फोन बायकोच्या, बानाबाईच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन बसला.

गुरुवारी सकाळी चुलीपुढं बानाबाईनं आकडा सांगितला. “चोवीस. त्याच्या वर एक रुपया जायचं नाय.” हा त्यांच्या घरचा रिवाज होता. वरचा आकडा ती ठरवायची, बाजारात हात तो घालायचा आणि ठरल्या आकड्याला जनावर घरी आलंय असं त्या घरात कधी झालंच नव्हतं. हजार-दोन हजार तुटलेलेच असायचे. पैसे तिच्या कमरेच्या पिशवीत. तीही त्या दिवशी निघाली. म्हणाली, मलाबी बघायचाय एडका.

बाजारात कडुबा उभा होता. फर्दापूरकडचा मेंढपाळ. त्याच्या आणि बिरूबाच्या दस्तीखालच्या कुस्त्या बाजारानं वर्षानुवर्षं बघितलेल्या. त्याच्या दोरीला काळाभोर एडका होता, शिंगं अशी की बघणाऱ्यानं दोन पावलं मागं सरावं. दलाल फकिरा पळतच आला. “या, बिरूबा! लई दिसांनी! मला वाटलं आता दस्तीची खोळ शिवून बसला का काय!”

माणसं गोळा झाली. आता गुडघ्याचं कारण चालणार नव्हतं. बिरूबानं दस्ती टाकली, उजवा हात खाली घातला. कडुबाची बोटं त्याच्या बोटांवर आली असतील. असतीलच, कारण दस्ती हलत होती. बिरूबाला काहीही कळलं नाही. त्यानं डोळे कडुबाच्या तोंडावर रोखले. तोंड बघून भाव सांगता येतो का, याचा त्यानं कधी विचार केला नव्हता. तो मान हलवत राहिला, दोनदा ‘छ्या’ म्हणाला, एकदा खोटंच हसला. सौदा मोडून निघावं तर एडका जातो, थांबावं तर लाज जाते. कडुबाचा चेहरा जरा सैलावल्यासारखा वाटला. बहुतेक चोवीसच्या आसपास आला असेल, असं स्वतःला बजावून बिरूबा म्हणाला, “हो!”

कडुबानं फकिराच्या कानात आकडा सांगितला, फकिरानं बानाबाईकडून नोटा घेऊन मोजल्या. मोजता मोजता त्याचा हात थांबला. रिवाज असा की आकडा चारचौघांत बोलायचा नाही. पण फकिराला राहवलं नाही. तो किंचाळला, “चौदा! अरे, चौदा हजारात हा एडका? बिरूबा, चोरून आणला असता तरी महाग पडला असता!”

बाजार थक्क झाला. कुणीतरी शिट्टी मारली. सकाळीच पैठणच्या व्यापाऱ्यानं याच एडक्याचे बावीस दिले होते आणि कडुबा हलला नव्हता, ही बातमी पाच मिनिटांत सगळीकडं फिरली. लोक बिरूबाची पाठ थोपटू लागले. कुणी पान आणलं, कुणी मोबाइलवर एडक्यासोबत त्याचा फोटो काढला. उभ्या आयुष्यातला सगळ्यात स्वस्त सौदा झाला होता आणि ज्यानं केला त्याच्या पायाखालची जमीन सरकली होती. चौदा? आपण चौदा कधी दाबले?

त्यानं कडुबाकडं बघितलं. कडुबा दोरीची गाठ सोडायच्या निमित्तानं खाली वाकून बसला होता, मान वर करत नव्हता. बिरूबा त्याच्याशेजारी जाऊन बसला.

“कडुबा, खरं सांग. तुला कळलं ना?”

कडुबा गाठीशी खेळतच हळूच म्हणाला, “बिरूबा, तुमचा हात हातात आला अन् माझं काळीजच हाललं. इतकी वर्सं झोंबलो आपुन त्या हातासंगं. म्या अठ्ठावीस दाबलं, तुमी मान हलवली. चौदा दाबलं, तरी तशीच हलवली. मंग म्या तिथंच थांबलो. एका एडक्यानं काय व्हतंय? कुणाला सांगत नाय मी.”

म्हणजे हा सौदाच नव्हता. आपण आयुष्यभर मिरवलो ती घासाघीस नव्हती ही. ही भीक होती आणि ती आपण छाती फुगवून घेतली होती! त्याला रडू आलं, राग आला, दोन्ही एकदमच आलं.

तो ताडकन उठला. “कडुबा, सौदा मोड. चोवीस घे.”

“झाल्याला सौदा मोडत नाय. चौदा.”

“बरं, तेवीस.”

“चौदा म्हंजी चौदा.”

“अरे बावीस तरी घे, व्यापारी देतच व्हता की!”

“यक रुपया जास्ती घेणार नाय. तुमीच हो म्हणला, सगळ्यांनी ऐकलंय.”

पांगलेली माणसं पुन्हा गोळा झाली. घेणारा चढवतोय आणि विकणारा उतरवतोय, असलं काही त्या बाजारात कुणी बघितलं नव्हतं. फकिरा दोघांच्या मध्ये हात पसरून उभा राहिला. “अल्ला की कसम, या धंद्यात माझे केस पांढरे झाले, आज माझं डोकं फिरलं का तुमचं?” का चढवतोय हे बिरूबा सांगेना. का उतरवतोय हे कडुबा सांगेना. दोघंही लालबुंद. एडका मध्ये उभा राहून कुणाच्या तरी पिशवीतली मेथी खात होता.

तेव्हा बानाबाई पुढं आली. तिनं बिरूबाच्या खांद्यावरची दस्ती ओढली, कडुबाच्या हातावर टाकली आणि खाली स्वतःचा हात घातला.

त्या दस्तीखाली बाईचा हात कधी गेला नव्हता. बाया बाजारात येत, जनावराचे दात बघत, नवऱ्याच्या कानाशी लागत. पण परक्या पुरुषाचा हात धरून भाव? कडुबानं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला.

“वहिनी, आवं काय करता!”

“वहिनी नगं म्हणू, बहीण म्हण. राखी बांधली समज. धर हात.”

फकिरानं आपल्या डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. दस्ती हलली, थांबली, जोरात हलली. कडुबा एकदा ‘नाय’ म्हणाला, मग पुन्हा ‘नाय’ म्हणाला, पण दुसऱ्या वेळी त्याचा आवाज बसला होता. बानाबाई नुसती त्याच्याकडं बघत होती. शेवटी कडुबानं डोळे मिटले आणि म्हणाला, “हो.” तिनं कमरेच्या पिशवीतून चौदाच्या वरच्या नोटा काढल्या, पदराआड मोजल्या आणि दस्तीत गुंडाळूनच त्याच्या हातात दिल्या. कडुबानं नोटा खिशात घातल्या, दस्ती परत दिली. फकिरा मान लांब करून करून दमला. त्याला आकडा दिसला नाही.

परतीच्या ‘छोटा हत्ती’ टेम्पोत मागं एडका, एडक्याशेजारी नवरा-बायको. छावणी मागं पडली, पैठणचा रस्ता लागला. बिरूबाला दम धरवेना.

“कितीला केला?”

“दस्तीखालचं दस्तीखाली. तुमीच सांगता ना?”

“बाने, सांग गं.”

तिनं इकडंतिकडं बघितलं, मग दस्ती त्याच्या मांडीवर पसरली आणि खालून त्याचा उजवा हात धरला. दस्ती हलताना त्याला दिसली.

“कळलं?”

‘व्हय’ हा शब्द बिरूबाच्या जिभेवर आलाच होता, थंडीपासून तो हाच शब्द वापरत आला होता. एडक्यानं शिंग त्याच्या पाठीला घासलं. मग त्यानं उजवा हात बाजूला घेतला आणि दस्तीखाली डावा घातला.

“ह्या हातावर सांग.”

बानाबाई दचकली नाही. “चुलीवरनं उतरवल्याला पेला धरला व्हता तुमी संक्रांतीला. तळव्याला फोड आला, तरी तुमी चहा पीतच व्हता. मला काय डोळं नाईत? म्या वाट बघत व्हते, कवा सांगताल म्हणून.”

तिनं त्याची दोन बोटं दाबली. मग चार.

“चोवीस!” बिरूबा एवढ्यानं ओरडला की ड्रायव्हरनं आरशात बघितलं. “घरचा आकडा? अगं, आपल्या घरात ठरल्या भावानं जनावर कधी आलंय का? पाचशे तरी तोडायचे व्हते!”

“तोडनारच व्हते,” बानाबाई म्हणाली. “तो चौदा सोडंना, म्हणलं अठरावर आणावा अन् उठावं. पर त्याचा हात ओला किच्च व्हता, अवो. पाण्यातनं काढल्यागत. घरी कायतरी अडलंय त्याचं. काय ते म्या इचारलं नाय.”

बाजारात चौदा ऐकून बिरूबा जेवढा हादरला नव्हता तेवढा आता हादरला. तो हात त्याच्याही हातात होता की. सगळ्यात आधी त्याच्याच हातात होता. अडलेला माणूस त्याच्यावर दया करत होता आणि बिरूबा ‘हो’ म्हणून मोकळा झाला होता.

“मला कळलंच नाय,” तो म्हणाला. हे वाक्य त्यानं पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं. “बाने, मला कायबी कळलं नाय.”

वसाहतीचे रुंद रिकामे रस्ते लागले, दुतर्फा दिवे पेटत होते. बिरूबानं डाव्या हातानं एडक्याच्या पाठीवरची लोकर चाचपली. दाट होती, उबदार होती.

“फुडच्या गुरवारी,” तो म्हणाला, “कुणी सौद्याला बोलवाया आलं, तर हात तू घालायचा. मी तोंडं बघतो.”

बानाबाईनं त्याच्या मांडीवरची दस्ती उचलली, झटकली आणि आपल्या खांद्यावर टाकली.