कोम्बूवाली फुसाए आणि तिचा आलेख

ओसाकाच्या किताहामा भागात, शेअरबाजारापासून दोन गल्ल्या सोडून, इसोदांचं कोम्बूचं दुकान होतं. कोम्बू म्हणजे खाण्याचं समुद्रशेवाळ. होक्काइदोच्या समुद्रातून येणारी त्याची लांबलचक वाळकी पानं तासायची, कापायची, सोयात शिजवून विकायची, हा धंदा तिसऱ्या पिढीचा. दुकानाची मालकीण फुसाए सकाळपासून गल्ल्यावर असायची, पण दुपारचे तीन वाजले की कमरेचं एप्रन सोडायची, वही काखोटीला मारायची आणि ‘आल्येच’ म्हणून चालू पडायची. शेअरदलालाच्या पेढीत फळ्यावर लिहिलेले बंद भाव उतरवून घ्यायचे आणि दहा मिनिटांत परत. ऊन असो, वादळ असो, हा नेम चुकला नाही.

त्या फळ्याशी तिचं नातं जुनं होतं. लग्नाआधी सात वर्षं ती याच पेढीत नोकरीला होती. कानाला फोन लावून पलीकडून येणारे भाव खडूने फळ्यावर लिहायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे. पेढीत हातानाका नावाचे एक म्हातारे गृहस्थ पट्टी-पेन्सिल घेऊन दिवसभर आलेख काढत बसत. त्यांनी तिला मेणबत्त्या शिकवल्या. भाव उघडला त्यापेक्षा वर बंद झाला तर तांबडी मेणबत्ती, खाली बंद झाला तर काळी. तिच्या वर-खाली निघालेल्या वाती म्हणजे त्या दिवशी भाव कुठवर चढला आणि कुठवर पडला.

हातानाका म्हणायचे, “पोरी, बातमी लोकांच्या तोंडून येते, आणि तोंडाला काय, काहीही बोलता येतं. भावाला मात्र पैसे मोजून बोलावं लागतं. बाजाराचं बाजारालाच विचार.”

लग्न झालं, नोकरी सुटली, पण पेन्सिली सुटल्या नाहीत. नवरा कान्झो स्वभावाने मऊ, जिभेने तिखट. संध्याकाळी ती आलेख मांडून बसली की तो म्हणायचा, “झाली का रंगरंगोटी सुरू?”

“तुम्ही कोम्बू हातात घेतल्यावर कसं सांगता, कुठल्या किनाऱ्याचं आहे ते?”

“बोटांना कळतं.”

“मग मला डोळ्यांना कळतं. चहा घ्या, गार होतोय.”

१९६५चा उन्हाळा किताहामाला जड गेला. चार वर्षं बाजार घसरतच होता. शेअरदलालांची एक बडी पेढी बुडायला आल्याची बातमी आली आणि लोक पैसे काढायला रांगा लावू लागले. फळ्यासमोर एरवी उभं राहायला जागा नसायची, तिथे आता फुसाए आणि दोन-तीन पेन्शनर. फुसाएच्या पेढीतला कारकून त्सुकुदा तिला ओसाकाच्या रीतीने ‘गोर्योन-सान’, म्हणजे मालकीणबाई म्हणायचा. तिला बघून हसायचा, “गोर्योन-सान, मयताला तरी माणसं जास्त येतात हो!”

पण वहीतल्या एका आलेखावर फुसाएची नजर खिळली होती. कंपनी सुगिहारा, शिवणयंत्रांचे भाग बनवणारी. भाव दोनदा अठ्ठेचाळीस येनला टेकून वर आला होता. मेणबत्त्यांच्या खाली ती रोजच्या उलाढालीच्या काड्या काढायची, त्याही बुटक्या होत चालल्या होत्या. विकणारे थकले, असं तिला वाटलं. जूनमध्ये तिने घरखर्चातून जपून साठवलेल्या पैशांतून त्रेपन्न येनने हजार शेअर घेतले, आणि वहीत लिहून ठेवलं, ‘सत्तेचाळीस झाला की विकायचं.’

तीन आठवड्यांत भाव सत्तेचाळीसला आला. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती पेढीत गेली आणि विकून आली.

त्सुकुदा कळवळला. “अहो, थांबा की थोडं! एवढ्या खाली कोणी विकतं का? वर येईलच कधीतरी.”

“येईल तेव्हा बघू. मी चुकले, एवढं आज कळलंय ना, बास.”

कान्झोने संध्याकाळी विचारलं, “काय, तांबडी पेन्सिल संपली वाटतं?”

“पेन्सिल आहे. घाई झाली माझी. भाव वळण्याआधीच मी वळले.” आणि तिने त्या दिवसाची काळी मेणबत्ती नीट, कडेपर्यंत रंगवली.

जुलैच्या मध्यावर बातम्या आणखी वाईट झाल्या. सुगिहारा सकाळी चव्वेचाळीसवर उघडला. आदल्या दिवशीच्या बंद भावाच्याही खाली. त्सुकुदाने मान हलवली. तीनला फुसाए पोचली तेव्हा फळ्यावर एकोणपन्नास लिहिलं होतं. तिने घरी येऊन मेणबत्ती काढली, तर तांबडीने आदल्या दिवशीची काळी अख्खी पोटात घातली होती. उलाढाल तिप्पट. दुसऱ्या दिवशी तांबडी, तिसऱ्या दिवशी तांबडी.

ती कान्झोसमोर बसली. “मी उद्या पुन्हा घेणार आहे.”

“तेच? जे चावलं तेच कुत्रं?”

“कुत्रं तेच, पण आता शेपूट हलवतंय. हे बघा. सगळी बातमी वाईट, तरी भाव खाली जायला तयार नाही. कोणीतरी मुकाट्याने घेतंय. चव्वेचाळीसच्या खाली गेला तर मी विकणार. आणि वर गेला तर...”

“तर?”

“तर तुम्ही पेन्सिलींना नावं ठेवायची नाहीत.”

कान्झो हसला. “घे बाई. असा ठाम आवाज असला की मी गिऱ्हाइकाशीसुद्धा घासाघीस करत नाही.”

तिने बावन्नला हजार घेतले. चार वर्षं उतरत आलेल्या शिखरांवरून तिने पट्टीने एक रेघ ओढली होती. ऑगस्टमध्ये भाव त्या रेघेच्या वर बंद झाला, तेव्हा आणखी दोन हजार. भाव खाली येत असताना मात्र तिने एकही शेअर वाढवला नाही. त्सुकुदा दर आठवड्याला नवी खबर सांगायचा, जहाजं, पोलाद, कुठली तरी गुप्त बातमी. ती ऐकून घ्यायची, त्याला कोम्बूची पुडी द्यायची आणि आपलं भाव उतरवायची.

वसंतापर्यंत सुगिहारा चौऱ्याण्णवला गेला. फळ्यासमोर पुन्हा रेटारेटी सुरू झाली, न्हावी आणि भाजीवाले एकमेकांना कंपन्या सुचवू लागले. मग लागोपाठ तीन काळ्या मेणबत्त्या पडल्या, एकीखाली एक. हातानाका त्यांना तीन कावळे म्हणायचे. फुसाएने सत्त्याऐंशीला सगळं विकलं.

“अगं, चौऱ्याण्णव झाला होता ना?” कान्झो हळहळला. “सात येन सोडलेस!”

“माशाचं डोकं आणि शेपूट मांजराला द्यावं हो. मधला तुकडा आपला.”

आठवडाभर भाव पुन्हा चढला आणि कान्झोने जेवताना रोज मांजराची चौकशी केली. फुसाए शांतपणे भात वाढत राहिली. नंतर भाव घसरला, उन्हाळ्यात साठच्या खाली गेला. त्या दिवशी बाजारातून येताना कान्झोने चांगल्या प्रतीच्या पेन्सिलींचा एक डबा आणला आणि तिच्या वहीवर ठेवून दिला. सुगिहाराच्या नफ्यातून दुकानाला कोम्बू शिजवायची नवी वाफेची भट्टी आली.

गल्लीत गोष्ट लपत नाही. बटणवाल्याची बायको, कागदवाली आणि आणखी चौघीजणी एके दिवशी आल्या. “गोर्योन-सान, आम्हाला पण सांगा ना, काय घ्यायचं ते!”

“ते मी नाही सांगणार. शिकवीन मात्र. सहा महिने नुसते आलेख काढायचे. घ्यायचं काही नाही.”

“सहा महिने? आणि कमवायचं कधी?”

“गप्प बसणं हासुद्धा सौदाच असतो. जमत असेल तर बुधवारी चारला या.”

सहापैकी तिघी टिकल्या. दुकानाच्या मागच्या खोलीत, कोम्बूच्या वासात, त्या गुडघे टेकून बसायच्या, चुकलेली मेणबत्ती खोडायच्या, एकमेकींच्या रेघा बघून फिदीफिदी हसायच्या. दुसऱ्या वर्षी बटणवालीने स्वतःच्या आलेखावरून एक सौदा केला आणि तो पुरा झाल्यावरच फुसाएला सांगितला.

“मला विचारलं नाहीस?”

“विचारायची गरज वाटली नाही,” बटणवाली म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

फुसाए मोठ्याने हसली. “मग पुढच्या बुधवारी नवीन बायकांना तूच शिकव.”